साडेआठची नोंद

पेडणेकरांनी वाडग्यात उरलेलं पाणी मापात ओतलं, माप खिडकीच्या कठड्यावर ठेवलं आणि गुडघ्यावर हात टेकून डोळा पाण्याच्या रेषेशी आणला. कडेला पाणी जरा वर चढतं, ते धरायचं नाही. मधली पातळी वाचायची. एकशे वीस. झोपताना नऊशे भरलं होतं. म्हणजे चौदा किलोच्या कुत्र्याने एका रात्रीत सातशे ऐंशी मिलिलिटर पाणी रिचवलं होतं, आणि त्यातलं बरंचसं पहाटे बाथरूमच्या उंबऱ्यावर परतही केलं होतं.

"काय रे लेका, पोटात पंप बसवून घेतलायस का?"

मिठूने शेपटी एकदा हलवली आणि पुन्हा रिकाम्या वाडग्याकडे बघितलं.

पेडणेकरांनी वही उघडली. रुळाने आखलेले चार रकाने: वेळ, पाणी, खाणं, शेरा. चौतीस वर्षं मुंबईच्या पाणीखात्यात काढलेल्या माणसाला वही आखायला कुणी शिकवावं लागत नाही. त्यातली बावीस वर्षं त्यांनी फक्त गळत्या शोधल्या. रस्ता सामसूम झाला की लोखंडी सळई जमिनीतल्या पाइपावर टेकवायची, वरच्या टोकाच्या पितळी वाटीला कान लावायचा आणि कुठे फुसफुसतंय ते ऐकायचं. ती सळई त्यांनी आपल्या उंचीची करून घेतली होती, आणि ती अजून भाईंदरच्या या घरात कपाटामागे उभी होती. खात्यात लोक म्हणायचे, पेडणेकरांना घरातला नळ ठिबकला तरी झोप लागत नाही. ते खरंच होतं. नीलमताई त्यावरून त्यांना फार हसायच्या.

नीलमताईंना जाऊन चार वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. मिठू मात्र त्यांचाच. जवळच्या राई गावाच्या बाजूला सकाळी फिरायला गेल्या असताना मिठागराच्या बांधावर तो सापडला, मुठीएवढा, चिखलात बरबटलेला. मिठागरात मिळाला म्हणून मिठू. अख्खी बिल्डिंग हसली, पोपटाचं नाव कुत्र्याला! नीलमताईंनी कुणाला दाद दिली नाही.

आता तो सहा वर्षांचा होता आणि दिसत मात्र बारा वर्षांचा होता. गेल्या दिवाळीपासून पोट खाली लोंबायला लागलं, दोन्ही कुशींवरचे केस विरळ होऊन आतली राखाडी कातडी दिसायला लागली. बसल्या जागी धापा टाकायचा. खायला कितीही घाला, डोळे ताटावरच. हाटकेश भागातल्या डॉक्टर ऋतिका नाईक यांनी त्याला उलटसुलट करून तपासलं आणि मूत्रपिंडाशी असणाऱ्या दोन छोट्या ग्रंथींचं नाव घेतलं. अ‍ॅड्रीनल. शेंगदाण्याएवढ्या असतात म्हणे. त्यांनी कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक जास्त सोडलं की हे असं होतं: तहान, भूक, पोट, केस.

"काका, तपासणीआधी मला दोन-तीन आठवड्यांची नोंद हवी," त्या म्हणाल्या होत्या. "किती पाणी पितो ते मोजून. आणि जे जे त्याच्या पोटात जातं ते सगळं."

"सगळं म्हणजे सगळं लिहीन," पेडणेकर म्हणाले होते, आणि त्यांनी लिहिलंही. भात, कोंबडीचे तुकडे, अर्धी पोळी, जमिनीवर पडलेला शेंगदाणा, शेजारच्या हंसाबेनने पाच वाजता दारात दिलेला अर्धा खाखरा. पाणी दिवसाला दोन लिटरच्या वर. एवढ्या कुत्र्याला एक लिटरसुद्धा जास्त.

दिवस असा मोजण्यात बरा जायचा. रात्री साडेआठला ते टीव्हीसमोर बसायचे आणि मिठू येऊन पायांशी आडवा व्हायचा. मग त्याचं चाटणं सुरू व्हायचं: आधी उजवा पाय, घोट्यापासून बोटांपर्यंत, एकेका बेचक्यात, मग डावा. चांगला अर्धा तास. नीलमताई गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी त्याने हे सुरू केलं होतं. पेडणेकरांचे डोळे त्या वेळी आपोआप मिटायचे, बातम्यांत कोण कुणाला काय बोललं ते त्यांच्या कानात शिरत नसे. नऊला उठून ते वाडगा मोजायचे आणि लिहायचे.

वही सुरू होऊन सव्वीस दिवस झाले आणि पुतण्याचं लग्न आलं. परागचं, नाशिकला. तीन रात्री. न जाऊन चालणार नव्हतं. घरातलं वडीलधारं म्हणून आता तेच उरले होते.

समोरच्या दारातल्या हंसाबेन साठीच्या पुढच्या, विधवा. त्यांच्या यजमानांचा स्टीलच्या भांड्यांचा गाळा होता. मिठूचा वाडगासुद्धा त्याच गाळ्यातला. मुलगा सुरतेला. पेडणेकरांचं आणि त्यांचं बोलणं रोज होई, पण दारातल्या दारात, खाखऱ्यापुरतं.

"कुत्रा घरात?" त्या म्हणाल्या. "पेडणेकरभाई, माझ्या घरात कांदापण येत नाय."

"तोही कांदा खात नाही. कुत्र्यांना कांदा विषच असतो."

"मग तर आमच्यातलाच झाला ने!" हंसाबेन हसल्या आणि काम झालं.

पेडणेकरांनी त्यांना मापाचं भांडं दिलं, पातळी कशी वाचायची ते दाखवलं. तीन दिवस दहीभात, वेळा ठरलेल्या. वहीतला एक कोरा कागद चार रकाने आखून दिला.

"हा चौथा काय?"

"शेरा. म्हणजे वेगळं काही दिसलं तर लिहायचं. काय करतो, कुठे बसतो."

"गुजरातीत लिहिलं तर चालेल?"

"चालेल की. भुलेश्वरला सगळ्या दुकानांच्या पाट्या वाचून वाचून अक्षरओळख झालीय मला."

शुक्रवारी सकाळी त्यांनी पिशवी भरली: दोन सदरे, धोतर, दाढीचं सामान, पायाची ट्यूब. उभं आयुष्य गमबुटात आणि पाण्यात काढल्याने पायांना कायमची खाज जडली होती. आधीच्या मलमांनी काही होत नव्हतं. दिवाळीच्या सुमारास कोपऱ्यावरच्या केमिस्टने ही नवी काढून दिली, 'ही लावून बघा काका, एक नंबर आहे', आणि खरंच चार दिवसांत आराम पडला होता. मिठू दारात उभा राहून पिशवीकडे बघत होता. जिना उतरताना पेडणेकरांनी मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर लग्न राहिलं असतं.

सोमवारी दुपारी ते नाशिकहून आलेल्या एसटीतून काशीमीऱ्याला उतरले. ट्रकांच्या रांगेतून वाट काढत त्यांनी रिक्षा पकडली. फोन बघितला तर हंसाबेनचे सात मिसकॉल. घाटात रेंज गेली होती.

हंसाबेनचं दार सताड उघडं होतं. चौघडी घातलेल्या गोधडीवर मिठू कुशीवर पडला होता. पेडणेकरांचा आवाज ऐकून त्याने डोळे वर केले. शेपटी हलली नाही.

"काल रात्रीपासून उठत नाय," हंसाबेन म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. "सकाळी उलटी केली, दोन वेळा. मी तुम्हाला किती फोन..."

"काय घातलंत त्याला?"

"दहीभात. तुम्ही बोलले तेवढाच."

"दहीभाताने कुत्रा असा होतो?"

उत्तराला ते थांबलेच नाहीत. त्यांनी मिठूला उचललं. मान हातावरून खाली लोंबली. हंसाबेन जिन्याच्या तोंडापर्यंत मागे आल्या. त्यांच्या हातात तो आखलेला कागद होता.

हाटकेशच्या दवाखान्यात डॉक्टर ऋतिकांनी आधी सलाइन लावलं. नाडी फार सावकाश चालली होती. मग रक्त काढलं, एक इंजेक्शन दिलं, तासाभराने पुन्हा रक्त काढलं. पेडणेकर तो तासभर स्टीलच्या टेबलाशी उभे होते. थेंब मोजत होते, दुसरं काय करणार? मिनिटाला चाळीस. पाचच्या सुमारास मिठूने डोकं उचललं आणि त्यांच्या हाताचा वास घेतला. पेडणेकरांना रडू आलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

घरी नेताना डॉक्टरांनी बारीक गोळ्या दिल्या. एकही चुकवायची नाही. रिपोर्ट गुरुवारी.

गुरुवारी डॉक्टरांनी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "काका, मी चुकले होते. मला वाटलं, या ग्रंथी जास्त काम करतायत. त्या तर झोपल्यात. आपण इंजेक्शन देऊन हाक मारली तरी उठल्या नाहीत."

"मग एवढं पाणी कशाने?"

"तेच तर. लक्षणं सगळी जास्तीची आणि ग्रंथी बंद. याचा अर्थ एकच निघतो. त्याला बाहेरून स्टिरॉइड मिळत होतं, आणि बरेच महिने. आयतं मिळायला लागलं की शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं. मग बाहेरचं एकदम थांबलं, की सोमवारी झालं तसं होतं."

"माझ्याकडे असलं काही नाही."

"गोळ्या? कानातले थेंब? मलम?"

"मिठूच्या अंगाला मी काहीही लावत नाही. वही बघा तुम्ही." पेडणेकरांच्या आवाजाला धार आली होती.

"वही मी बघितली. इतकी छान नोंद मला आजवर कुणी आणून दिली नाही." डॉक्टर पुढे म्हणाल्या, "पण काहीतरी वहीत नाहीये. ते शोधा, काका. ते कळेपर्यंत गोळी किती द्यायची हे मी अंदाजाने ठरवतेय. सोमवारी तो वाचला. पुन्हा असं झालं तर वाचेलच, असं मी सांगू शकत नाही."

रिक्षात मिठू मांडीवर होता. मॅक्सस मॉलपाशी सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा पेडणेकरांच्या डोक्यात लख्ख पडलं. हंसाबेनच्या पुड्या! गुडघ्यांसाठी त्या कुठल्याशा वैद्याच्या पुड्या घेत होत्या. असल्या पुड्यांत काय काय कालवलेलं असतं ते सगळ्या जगाला ठाऊक. आणि पुडीची वेळ कुठली, तर पाच. खाखऱ्याची वेळ कुठली? पाच. पुडी लागलेल्या हातानेच अर्धा खाखरा मिठूच्या तोंडात. पेडणेकर परगावी गेले आणि सांगितलं काय, तर फक्त दहीभात. खाखरा बंद, पुडी बंद, कुत्रा आडवा. सगळं जुळत होतं.

जुळलं की माणूस विचार करायचा थांबतो, हे त्यांना खात्यात बावीस वर्षं नवशिक्यांना सांगावं लागलं होतं. त्या दिवशी त्यांना ते सांगणारं कुणी नव्हतं. त्यांनी थेट समोरची बेल दाबली.

"हंसाबेन, यापुढे माझ्या कुत्र्याला खाखरा द्यायचा नाही."

"काय झाला?"

"तुमच्या त्या पुड्या. डॉक्टर म्हणतायत, त्याच्या पोटात महिनोन् महिने औषध जातंय."

"माझी पुडी तर मी गुळात घेते. आणि हात धुते, पेडणेकरभाई. खाखऱ्याला..."

"तुम्हाला कळलं नसेल. पण एका मुक्या जिवाच्या जिवावर बेतलं, त्याचं काय?"

हंसाबेन दारातून एक पाऊल मागे सरल्या. सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब तोंडात न घेणारी बाई, का, तर अंधारात चुकून एखादा किडा पोटात जाईल. तिला मुक्या जिवाचं पाप लावून पेडणेकर समोर उभे होते. आपण काय बोललो हे त्यांना बोलल्यावर कळलं, पण तोवर त्या आत गेल्या होत्या. बाहेर आल्या त्या आखलेला कागद घेऊन.

"हा घ्या. तुम्ही मागितला होता."

दार बंद झालं. आपटलं नाही. साधं, हळूच बंद झालं.

पेडणेकरांनी कागद न वाचताच वहीत खुपसला.

शुक्रवारी पाच वाजता मिठू सवयीने समोरच्या दाराशी जाऊन बसला. दार उघडलं नाही. तो वीस मिनिटं बसला आणि परत आला. पेडणेकरांनी ते शेऱ्यात लिहिलं. त्या दिवशी त्यांच्याशी बोललेला माणूस म्हणजे पेपरवाला, आणि तोही 'बिल' एवढंच. रात्री साडेआठला पायांशी मिठू आला, तेव्हा त्यांनी टीव्ही लावलासुद्धा नाही. कुणीतरी आपल्याला धरून ठेवलंय एवढंच त्यांना हवं होतं. बायको गेल्यापासून त्यांच्या अंगाला जी काही माया लागत होती ती एवढीच, रोज अर्धा तास, एका कुत्र्याच्या जिभेची.

शनिवारी सकाळी माप कठड्यावर ठेवून त्यांनी पातळी वाचली आणि पुन्हा वाचली. मंगळवारी एकूण नऊशे होतं. बुधवारी बाराशे. गुरुवारी सोळाशे. काल दोन हजार. परवापासून खाखऱ्याचा कणही नाही, आणि पाणी चढतंय. डॉक्टरांच्या बारीकशा गोळीने एवढं होणार नाही. ते स्वतःशीच पुटपुटले, "व्हॉल्व्ह बंद केला तरी मीटर पळतंय."

खात्यात गळती सापडेना झाली की शेवटचा उपाय एकच असे. भागाभागाचे व्हॉल्व्ह एकेक करून बंद करत जायचं आणि मुख्य मीटरवर नजर ठेवायची. जो व्हॉल्व्ह बंद केल्यावर काटा पडला, गळती त्या भागात. तिथे अंदाज चालत नाहीत, कुणाची ओळख चालत नाही.

त्यांनी वहीतून हंसाबेनचा कागद काढला आणि चष्मा पुसला. डोक्यावर रेघ नसलेली ती अक्षरं बोट ठेवून सावकाश लावावी लागत होती. आकडे मात्र लगेच कळले. शुक्रवार, एकोणीसशे. शनिवार, अकराशे. रविवार, चारशे साठ.

काटा पडला होता. तोही मिठू हंसाबेनच्या घरात असताना.

त्यांनी खाण्याचा रकाना वाचला. दहीभात. आणि तिन्ही दिवस पाचला, 'अर्धा खाखरा'. सांगितलं नव्हतं तरी दिला होता, आणि दिला म्हणून लिहिलाही होता. खाखरा चालू होता आणि पाणी उतरत होतं. म्हणजे गळती तिथे नव्हतीच. मग त्या तीन दिवसांत बंद काय होतं? एकच गोष्ट बंद होती. पेडणेकर.

त्यांनी शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिन्ही दिवशी रात्रीची एक नोंद होती. दिव्याच्या उजेडात लिहिलेली असावी, अक्षर जरा मोठं होतं.

शुक्रवार, साडेआठ. पाय चाटायला आला. मी पाय वर घेतले. खूप वेळ बघत बसला.

शनिवार, साडेआठ. पाय चाटायला आला. मी नाही म्हटलं. दाराशी जाऊन झोपला.

रविवार, साडेआठ. आला नाही.

पेडणेकरांनी आपली वही पहिल्या पानापासून चाळली. सव्वीस दिवस. आठ वाजता भात. नऊ वाजता पाणी. मधला अर्धा तास कुठेच नव्हता.

ते उठले. ट्यूब टीव्हीखालच्या खणात होती, रोज तिन्हीसांजेला पाय धुऊन लावायची म्हणून हाताशी. नीलमताईंचं सुईत दोरा ओवायचं भिंग शोधून त्यांनी तिच्यावरची मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं वाचली आणि डॉक्टरांना फोन लावून एकेक अक्षर सांगितलं.

"हे कुणाचं आहे, काका?"

"माझं. पायाला लावतो."

"आणि मिठू?"

"चाटतो," पेडणेकर म्हणाले. "रोज. अर्धा तास."

"हे खूप जबर स्टिरॉइड आहे. कधीपासून लावताय?"

"दिवाळीपासून."

आता त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. तरी डॉक्टरांनी सांगितलं, आणि गोड आवाजात सांगितलं. चाटणं आजपासून बंद, एकदासुद्धा नाही. गोळी मात्र चालू, ती त्या आठवड्या-आठवड्याने कमी करत नेतील, म्हणजे ग्रंथी हळूहळू जाग्या होतील. दोन-तीन महिने लागतील, पण केस येतील, पोट उतरेल. पाय धुऊन मोजे घालायचे. पेडणेकरांनीसुद्धा पाय त्वचेच्या डॉक्टरला दाखवायचे, मनाने काही सोडायचं नाही.

"काका, तो बरा होणार आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "चांगली बातमी आहे ही."

"हो हो. चांगलीच आहे," पेडणेकर म्हणाले.

फोन ठेवल्यावर त्यांनी लाल पेन घेतलं. पहिल्या पानावर, आठ आणि नऊच्या मधल्या चिंचोळ्या जागेत लिहिलं: ८.३० ते ९, माझे पाय. मग दुसऱ्या पानावर. मग तिसऱ्या. सव्वीस दिवस आणि परत आल्यानंतरचे पाच. एकतीस वेळा लिहिलं. मिठू टेबलाखाली झोपला होता. पेडणेकरांनी पाय खुर्चीवर वर घेतले होते.

पाच वाजता त्यांनी समोरची बेल वाजवली. मिठू आधीच दाराशी बसला होता. हंसाबेनने दार उघडलं, पण साखळी काढली नाही.

पेडणेकरांनी फटीतून वही आत दिली. "चूक माझी होती. तुमच्या कागदामुळे सापडलं. पायाचं मलम."

हंसाबेन मराठी हळूहळू वाचायच्या. त्यांनी एक पान वाचलं, दुसरं वाचलं, मग नुसत्याच लाल ओळी बघत पानं उलटत गेल्या.

"एवढे दिवस रोज? आणि लिहिला एक दिवस नाय?"

"नाही."

"मी तीनच दिवस ठेवला, तरी लिहिला. तुम्ही तर शेंगदाणापण लिहिलाय, पेडणेकरभाई."

पेडणेकरांनी मिठूच्या डोक्याकडे बघितलं. "डॉक्टरांनी सांगितलं, त्याला काय काय मिळतं ते लिहा. यात त्याला काही मिळतंय असं माझ्या मनातच आलं नाही. मला वाटायचं, तो मला देतोय."

साखळीमागे हंसाबेनचा चेहरा अर्धाच दिसत होता. मग त्या आत गेल्या, डबा उघडल्याचा आवाज आला. परत येऊन त्यांनी साखळी काढली, खाखऱ्याचे दोन तुकडे केले आणि एक मिठूपुढे धरला. त्याने तो बोटांना दात न लावता घेतला. दुसरा तुकडा त्यांच्या हातातच राहिला. पेडणेकरांना द्यावा की न द्यावा अशा त्या थोडा वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी तो ठेवून दिला.

"साडेआठला त्याला इकडे पाठवा," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे राहिला तर तुम्ही देऊन टाकणार. मी पाय वर घेऊन बसते."

साडेआठला पेडणेकर मिठूला पोचवून आले. पाय धुतलेलेच होते, वर लग्नात मिळालेले नवे मोजे होते. त्यांनी टीव्ही लावला, बंद केला. पाय समोर स्टुलावर ठेवले. खाज सुटली होती, पण ती काही फार नव्हती. खोलीत इतकी शांतता होती की फ्रिज थांबला तेव्हा ते दचकले.

ते उठले आणि कपाटामागून सळई काढली. दारं समोरासमोर असली तरी मागच्या बाजूला दोन्ही घरांची एक भिंत सामाईक होती. तिच्याशी उभं राहून तिचं टोक भिंतीला टेकवलं आणि पितळी वाटीला कान लावला. आधी पंख्याची घरघर ऐकू आली. मग हंसाबेनचा आवाज. शब्द कळत नव्हते, पण त्या बोलत होत्या, मधे थांबत होत्या, पुन्हा बोलत होत्या. किती दिवसांत त्या कुणाशी एवढं बोलल्या असतील कोण जाणे. आणि नखांची टकटक. दारापर्यंत, परत. दारापर्यंत, परत.

पेडणेकर नऊपर्यंत तसेच उभे होते. मग त्यांनी सळई भिंतीला टेकवून ठेवली, वही उघडली आणि लिहिलं.

८.३० ते ९. पाय: शून्य.

शेरा: दारापर्यंत चार वेळा आला. मग बसला.